घरी करण्यासाठी खरोखर कस लावणारे बार वर्कआउट कसे निवडावेत?

पहाटवारा

नमस्कार. मी बऱ्याच काळापासून घरी बार वर्कआउट, म्हणजे बॅलेच्या सरावातून आलेला, आडव्या दांड्याचा (बारचा) आधार घेऊन करायचा व्यायाम, करते. ज्या व्हिडिओंनी सुरुवातीला मांड्या लटलट कापत असत, तेच व्हिडिओ आता मी न थांबता पूर्ण करते. म्हणून अधिक कठीण वर्ग शोधायला घेतले, तेव्हा असे दिसले की ‘ॲडव्हान्स्ड’ या शब्दाला प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्थ आहे. एके ठिकाणी केवळ संगीताचा वेग वाढवलेला असतो, दुसरीकडे मध्ये मध्ये उड्या घातलेल्या असतात आणि तिसरीकडे वर्ग तासाभराचा असला तरी त्यातील बराच वेळ जागा बदलण्यात आणि बोलण्यात जातो. उड्यांनी दम लागतो, परंतु एकाच स्थितीत टिकून राहिल्यावर स्नायूत जी खोलवर आग होते आणि जिच्यासाठी मला हा व्यायामप्रकार आवडतो, ती त्यात येत नाही.

एखादा वर्ग पूर्ण करण्याआधीच तो कठीण आहे की नाही, हे कसे ओळखावे? माझ्याकडे भिंतीला लावलेला बार नाही. एक जड लाकडी खुर्ची, मॅट, लहान मऊ चेंडू आणि प्रत्येकी एक किलोचे दोन डंबेल आहेत. एवढ्यावर पुढची पातळी गाठता येईल का? गुडघ्यांचा त्रास नाही, मात्र टाचा उचलून फार वेळ राहावे लागले की पोटरीत गोळा येतो.

शांतरेषा

आपला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण या व्यायामात कठीणपणा कोठून येतो हे समजल्याशिवाय निवड करताच येत नाही. वजन उचलण्याच्या व्यायामात भार किलोंमध्ये मोजता येतो. येथे भार बहुतांशी आपल्याच शरीराचा असतो, आणि म्हणून खरी मोजपट्टी ही की एखादा स्नायू सलग किती वेळ सुटकेशिवाय ताणाखाली राहतो. स्थिती धरून ठेवल्यावर आकुंचन पावलेल्या स्नायूतून रक्त मोकळेपणाने वाहत नाही, थकव्याला कारणीभूत होणारी द्रव्ये साचत जातात, आधी कामाला लागलेले तंतू दमतात आणि शरीराला राखून ठेवलेले मोठे तंतू वापरावे लागतात. आपण ज्या कंपाचा उल्लेख केला आहे तो याच टप्प्यावर सुरू होतो. त्यामुळे तो कंप येण्याच्या बेतात असतानाच प्रशिक्षिका ‘पाय झटका आणि पाणी प्या’ असे सांगत असेल, तर त्या वर्गावर कोणतीही पाटी असली तरी तो आपल्यासाठी सोपा आहे.

या पद्धतीची घडणही हेच सांगते. जर्मनीत जन्मलेल्या नर्तकी लॉटे बर्क यांनी पाठीच्या दुखापतीनंतर बॅलेतील बारवरचा सराव आणि उपचारात्मक व्यायाम यांची सांगड घातली आणि 1959 मध्ये लंडनमध्ये आपला वर्ग सुरू केला. पुढे लिडिया बाख यांनी ती पद्धत न्यूयॉर्कला नेली. तिचा गाभा उड्यांमध्ये नव्हता. नेमकी स्थिती घेऊन तीत टिकणे आणि तेथून अगदी लहान हालचाल करणे, हाच तो गाभा आहे.

आता ओळखण्याविषयी. मी नवा वर्ग निवडताना पहिली मिनिटे पाहत नाही, कारण वॉर्म-अप सर्वत्र सारखाच असतो. व्हिडिओ सरळ मांड्यांच्या भागापर्यंत पुढे न्यावा आणि तेथून घड्याळ लावावे. खांदे नितंबांच्या वर ठेवून, गुडघे वाकवून, टाचा जवळ आणि चवडे उघडे अशा स्थितीत शरीर खाली गेल्यापासून पाय पूर्ण सरळ होईपर्यंत किती वेळ जातो, ते मोजावे. हा काळ मिनिटभराच्या आत संपत असेल तर तो वर्ग सोडून द्यावा. तीन-चार मिनिटे एकच साखळी चालत असेल, म्हणजे आधी धरून ठेवणे, मग बोटभर खाली-वर होणे, मग पूर्ण टप्प्याची हालचाल आणि शेवटी सर्वांत खालच्या बिंदूवर पुन्हा धरून ठेवणे, तर तो वर्ग कस लावणारा आहे असे मानायला हरकत नाही. शेवटचे धरून ठेवणे विशेष पाहावे. ते असले, की वर्ग विचारपूर्वक रचला आहे असे मी समजते.

दुसरी कसोटी नितंबांच्या भागाची. तेथे एकाच पायावर किती वेळ काम होते, आणि बाजू बदलण्यापूर्वी तोच पाय वेगळ्या कोनातून पुन्हा वापरला जातो का, हे पाहावे. खुर्चीला धरून पुढे झुकून मागचा पाय उचलायचा, तो वाकवून दाबायचा, सरळ करून पुन्हा उचलायचा आणि लगेच जमिनीवर बसून त्याच पायाने बाजूला काम करायचे, हा क्रम उभे असताना एक बाजू आणि नंतर दुसरी बाजू या क्रमापेक्षा कितीतरी अवघड असतो. पाय सरळ ठेवला की तरफ लांब होते आणि तेवढेच वजन उचलायला अधिक बळ लागते. त्यामुळे गुडघा वाकवून केलेल्या हालचालीला सरळ पायाची जोड दिलेली दिसली, तर तीही जमेची बाजू धरावी.

तिसरी गोष्ट म्हणजे सूचना. कठीण वर्गातील प्रशिक्षिका आकडे कमी मोजते आणि शरीर कोठे असावे हे अधिक बोलते. सूचनाच नसतील तर आपण नकळत सोपी वाट धरतो. नितंब थोडे मागे जातात, हातांवर भार येतो आणि पाच मिनिटांची साखळी दोन मिनिटांच्या कामाएवढीच उरते.

उत्तररंग

शांतरेषा यांच्या म्हणण्याशी बहुतांशी सहमत आहे, परंतु वेगाविषयी एक भर घालतो. जलद ठोक्यावरील लहान हालचाल अवघड दिसते, तरी ती अनेकदा झोक्याच्या जोरावर होते आणि स्नायूला क्षणाक्षणाला सुटका मिळते. हीच हालचाल निम्म्या वेगाने, वर येताना आणि खाली जाताना सारखाच ताबा ठेवून केली, तर हवीहवीशी वाटणारी ती सुटका मिळत नाही. आपल्याला आवडणाऱ्या जुन्या व्हिडिओचा आवाज बंद करून संथ ठोक्यावर तोच क्रम करून पाहावा. नवीन वर्ग शोधण्याची गरज काही काळ पुढे ढकलता येईल.

शैलींविषयीही थोडे. बार मेथडमध्ये प्रत्येक कठीण भागानंतर त्याच स्नायूला स्ट्रेचिंगने मोकळे करण्याची पद्धत आहे, त्यामुळे धरून ठेवण्याचे काम तीव्र असले तरी त्याची लय शांत राहते. फिजिक 57 ही 2006 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली पद्धत भाग एकमेकांना जोडून पुढे जाते आणि तिची गती अधिक आहे. 2008 मध्ये पोर्टलंडला सुरू झालेल्या बार3 मध्ये धरून ठेवण्याबरोबर मोठ्या हालचाली आणि दम वाढवणारे तुकडे येतात. आपल्या वर्णनावरून पाहता पहिल्या दोन धाटणींचे वर्ग आपल्याला अधिक रुचतील असे वाटते.

पहाटवारा

दोघांचेही मनापासून आभार. मांड्यांच्या भागाचे घड्याळ लावून माझे आवडते व्हिडिओ पाहिले, तेव्हा ज्यांना मी कठीण समजत होते त्यांपैकी काहींमध्ये मध्येच पाय सरळ केले जातात असे दिसले. आता दोन शंका उरतात. काही वर्गांत बारला धरून मागे रेलायचे असते, ते खुर्चीवर कसे करावे? आणि पोटरीतील गोळ्याचे काय करावे?

मोकळा_श्वास

मागे रेलण्याची स्थिती खुर्चीवर मुळीच करू नये. भिंतीत घट्ट बसवलेला बार आपले वजन पेलतो, खुर्ची मात्र कितीही जड असली तरी आपल्या बाजूला कलंडू शकते. त्या भागापुरते भिंतीकडे जावे. पाठ भिंतीला पूर्ण टेकवून, पावले थोडी पुढे घेऊन, मांड्या जमिनीला समांतर होतील इतके खाली सरकावे आणि गुडघ्यांमध्ये चेंडू धरून लहान लहान दाब द्यावेत. मांडीच्या पुढच्या स्नायूला तेवढेच काम होते आणि पडण्याची भीती राहत नाही. इतर वेळीही खुर्चीची पाठ आपल्याकडे ठेवून तिचे पाय मॅटवर आणि बैठक भिंतीला लावून ठेवावी, म्हणजे ती घसरत नाही. स्वयंपाकघरातील पक्का ओटा साधारण कंबरेच्या वर येत असेल तर तो खुर्चीपेक्षा चांगला आधार होतो. कोणताही आधार बोटांच्या टोकांनीच धरावा. मूठ आवळली गेली की तोल सांभाळण्याचे काम पायांकडून हातांकडे जाते, आणि म्हणून हात हलका ठेवणे हाच कठीणपणा वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे असे मी मानतो.

पोटरीतील गोळ्याची दोन कारणे मला नेहमी आढळतात. पहिले म्हणजे टाचा शक्य तितक्या उंच उचलण्याचा अट्टहास. गुडघे वाकवून चवड्यांवर असताना टाचा मधल्या उंचीवर असल्या तरी मांडीचे काम कमी होत नाही. दुसरे म्हणजे भार करंगळीच्या बाजूला जाणे. त्यामुळे घोटा बाहेर वळतो आणि पोटरी त्याला सावरण्यात थकते. भार अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या मुळाशी ठेवावा. तरीही गोळा येत असेल तर तीच साखळी पाऊल पूर्ण टेकवून करावी. गुडघ्याच्या वाटीवरचा दाबही त्याने कमी होतो. कठीण वर्गात सोपा पर्याय घेतला म्हणून वर्ग वाया जात नाही. उलट ज्या स्नायूला थकवायचे आहे तोच आधी थकतो, आणि पोटरीमुळे मध्येच थांबावे लागत नाही.

पाय बाहेर वळवण्याविषयी मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण घरी बघायला कोणी नसते. चवडे किती उघडावेत हे खुब्याने ठरवायचे असते. पावले जबरदस्तीने सरळ रेषेत फाकवली आणि खुबा तेवढा वळत नसेल, तर उरलेला पीळ गुडघ्यावर येतो. खाली जाताना गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने जात आहे का, हे आरशात किंवा मोबाइलवर चित्रण करून अधूनमधून तपासावे. तो आतल्या बाजूला झुकत असेल तर चवडे थोडे मिटवावेत. त्याचप्रमाणे सतत ओटीपोट आत खेचून कंबर गोल करायला लावणारे वर्ग मी टाळतो. पाठीचा नैसर्गिक बाक राखून केलेली हालचाल अधिक अवघड असते, आणि कंबरेचा जुना त्रास असणाऱ्यांसाठी ती बहुधा अधिक सोयीची ठरते. कठीण वर्गाच्या शेवटच्या टप्प्यात स्नायूत आग होणे अपेक्षित आहे. सांध्यात टोचल्यासारखी कळ आली, मुंग्या आल्या किंवा चक्कर आली तर मात्र त्याच क्षणी थांबावे.

शांतरेषा

मोकळा_श्वास यांनी आधाराविषयी फार नेमके लिहिले आहे. साहित्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून राहिले होते. एक किलोचे डंबेल हातांच्या भागासाठी पुरेसे आहेत, परंतु ते हात खाली न आणता तीन मिनिटे चालणाऱ्या क्रमांमध्येच. पायांसाठी मांड्यांभोवती घालायचा लवचिक पट्टा घ्यावा, त्याच्या साहाय्याने जुना वर्गही नव्याने कठीण होतो.

आणखी एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी. बार वर्कआउटने स्नायूंची चिकाटी, तोल आणि शरीरावरचा ताबा उत्तम वाढतो, परंतु एका टप्प्यानंतर केवळ वेळ वाढवून ताकद त्याच प्रमाणात वाढत नाही. काही जाहिराती सांगतात त्याप्रमाणे स्नायू ‘लांब’ही होत नाहीत, कारण स्नायू हाडाला कोठे जोडलेला आहे हे व्यायामाने बदलत नाही. शिवाय बहुतेक वर्गांत ओढण्याची हालचाल जवळजवळ नसते. ढकलण्यासाठी दंडांसारखे प्रकार येतात, पाठीच्या वरच्या भागाला मात्र काम मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची शिफारस आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम आणि त्याशिवाय 150 ते 300 मिनिटे मध्यम तीव्रतेची हालचाल अशी आहे. माझ्या मते आठवड्यात तीन कठीण बार वर्ग पुरेत. त्यांच्यामध्ये एक-एक दिवस अंतर ठेवावे, कारण अंगदुखी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक जाणवते. मधल्या दिवसांपैकी एका दिवशी पट्ट्याने किंवा जड डंबेलने ओढण्याचे व्यायाम करावेत. दुसऱ्या दिवशी अंग दुखले नाही म्हणून वर्ग निरुपयोगी ठरला असे मात्र समजू नये. सरावलेल्या स्नायूचे दुखणे कमी होतेच. त्यापेक्षा शेवटच्या धरून ठेवण्यात आपण कितव्या सेकंदाला टाचा खाली टेकवतो, हे लिहून ठेवावे आणि तो आकडा महिनाभर त्याच वर्गात वाढतो का ते पाहावे. वाढणे थांबले, की पुढचा वर्ग शोधावा.

उत्तररंग

लिहून ठेवण्याची सूचना पटली. त्यात एक रकाना ‘हात किती वेळा घट्ट धरावा लागला’ याचाही ठेवावा, कारण माझ्या अनुभवात थकवा पायांआधी तेथे दिसतो.

पहाटवारा

दोन्ही रकाने आखले आहेत. या आठवड्यात पट्टा आणते, तोपर्यंत जुनाच वर्ग संथ ठोक्यावर आणि बोटांच्या टोकांनी आधार धरून करून पाहते. पावले टेकवून केलेल्या साखळीत पोटरी शांत राहते का, तेही येथेच कळवीन.