कोरोना चीनचा, मग आपल्याकडं दुबईमार्गे कसा काय आला?

फुलेवाडीचा_बाळू:
मंडळी एक शंका आहे, कट्ट्यावर वाद झाला आणि काय मिटला नाही म्हणून इथं टाकतोय. 2020 ची गोष्ट. व्हायरस निघाला वुहानमधनं, केरळात पहिली केस 30 जानेवारीला, वुहानला मेडिकल शिकणारी मुलगी. बरं. मग पुण्यात पहिली केस निघायला 9 मार्च उजाडला, आणि ते नवराबायको दुबईची टूर करून आलेले, चीनचा काय संबंधच नाही. इस्लामपूरची साखळी सौदीहून परतलेल्यांपासनं, आणि कोल्हापुरात मार्चअखेर जो पहिला सापडला तो पुण्याहून आलेला. तर मला एवढंच कळत नाही की जानेवारीत केरळात उतरला होता तर रेल्वेनं, एसटीनं पसरत पसरत फेब्रुवारीतच आपल्याकडं यायला पाहिजे होता की नाही? सव्वा महिना होता कुठं हा गडी? एक मित्र म्हणतोय होताच, टेस्ट करत नव्हते. दुसरा म्हणतोय उन्हानं दबला होता. नीट माहीत असेल तर सांगा, फॉरवर्ड आलेलं नको.

तांबडा_रस्सा_फॅन:
ऊनवाल्या मित्राला 2021 चा एप्रिल-मे आठवतोय का विचार. बाकी जाणकार येऊ द्या, मी आपला वाचतो.

मायक्रोवाली_राजारामपुरी:
बाळूदादा, टेस्टवाल्या मित्राचं निम्मं बरोबर आहे. मी मायक्रोबायोलॉजी शिकवतो त्यामुळं लांबड लागणार, आधीच सांगतो.

केरळात तीन केस निघाल्या, त्रिशूर, अलप्पुळा आणि कासरगोड, तिघंही वुहानहून परतलेले विद्यार्थी, सगळं 3 फेब्रुवारीपर्यंत. तिघंही बरे झाले आणि त्यांच्यापासनं पुढं कुणाला झाल्याचं सापडलं नाही. साखळी तिथंच तुटली. आणि हे केरळातच झालं असं नाही. अमेरिकेतला पहिला पेशंट वॉशिंग्टन राज्यातला, वुहानहून 15 जानेवारीला आलेला, 21 ला जाहीर केला. फेब्रुवारीअखेर त्याच राज्यात उद्रेक झाला तेव्हा लोकांनी धरलंच की ह्याच्यापासनंच सहा आठवडे गुपचूप पसरत होता, पण पुढं जीनोम (व्हायरसचा जनुकीय आराखडा) नीट जुळवून बघितले तर ती साखळी बहुतेक वेगळीच निघाली, नंतर कुणीतरी आणलेली. जर्मनीत बव्हेरियातल्या एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत शांघायहून मीटिंगला आलेल्या सहकाऱ्याकडनं लागण झाली, पंधरा-सोळा लोक बाधित, तिथल्या आरोग्य खात्यानं एकेकाला हुडकून घरात बसवलं आणि ते थांबवलं. इटलीत नंतर जे झालं त्याचा उगम तिथं नव्हता.

असं होतं कारण हा व्हायरस सगळ्यांकडनं सारखा पसरत नाही. बरेच बाधित पुढं कुणालाच देत नाहीत आणि थोडे लोक बंद खोलीत एकदम दहा-वीस जणांना देऊन मोकळे होतात. उसाच्या फडाशेजारी ठिणग्या पडतात तसं बघा, बऱ्याच विझतात, एखादी वाळलेल्या पाल्यात पडली की फड गेला. त्यामुळं पहिली ठिणगी कधी पडली ह्यापेक्षा एकूण किती पडल्या हे बघायचं. वुहानहून आपल्याकडं येणारे मोजकेच. एअर इंडियानं 31 जानेवारी आणि 1 फेब्रुवारीला दोन विमानांतनं आणले ते साडेसहाशेच्या आसपास, आणि त्यांना दिल्लीजवळ मानेसर आणि छावलाला कॅम्पात ठेवलं. उलट बँकॉक बघा, वुहानहून परदेशात सगळ्यात जास्त प्रवासी तिथं जायचे आणि चीनबाहेरची पहिली केस 13 जानेवारीला थायलंडचीच. मग जपान, कोरिया. विमानाची तिकिटं कुठली खपतात ते बघितलं असतं तरी पुढचा देश कुठला हे बरंचसं सांगता आलं असतं, आणि काही लोकांनी सांगितलंही होतं.

आता दुबई. 23 जानेवारीला वुहान बंद केलं पण चिनी नववर्ष तोंडावर होतं, तिथल्या महापौरांनीच सांगितलं की 50 लाख लोक आधीच शहराबाहेर गेलेत. त्यानंतर सगळं जग चीनकडं बघत बसलं. टेस्ट कुणाची करायची तर चीनहून आलेल्याची, मग पॉझिटिव्ह कोण निघणार, चीनहून आलेलाच! इटलीत कोडोन्यो नावाच्या गावात एका धडधाकट तरुणाचा न्यूमोनिया काय केल्या उतरेना, तो चीनला गेलेला नव्हता म्हणजे नियमात बसत नव्हता, तरी तिथल्या एका भूलतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी नियम बाजूला ठेवून टेस्ट करायला लावली आणि 20 फेब्रुवारीला रात्री ती पॉझिटिव्ह आली. तोपर्यंत लोम्बार्डीत, म्हणजे त्या भागात, किती दिवस फिरत होता कुणास ठाऊक. इराणचं त्याहून वाईट, 19 फेब्रुवारीला कोम शहरातनं पहिली बातमी आली तीच दोन मृत्यूंची. पहिलीच बातमी मृत्यूची म्हणजे मागं किती पेशंट असतील विचार करा. आठवड्याभरात कुवेत, बहरीन, ओमान, लेबनॉन सगळीकडं इराणहून गेलेले लोक पॉझिटिव्ह. आपल्याकडं लडाखला इराणहून परतलेले यात्रेकरू, जयपूरला इटलीचे टूरिस्ट. म्हणजे जानेवारीत एका शहरातनं निघणारा व्हायरस फेब्रुवारीअखेर पाच-पंचवीस ठिकाणांहून निघत होता आणि आपण अजून चीनच्याच विमानापाशी उभे. दुबईला जगभरातनं लोक येतात, विमान बदलतात. पुण्याचे ते दोघं 1 मार्चला परतले तेव्हा तपासणी ठरावीक देशांहून येणाऱ्यांचीच होती, दुबई त्यात नव्हतं. सगळ्या परदेशी विमानांची तपासणी 4 मार्चपासनं.

पेठेतला_पैलवान:
ताई लई भारी लिहिलंय पण मला एक पटंना. फ्रान्समधे जुना नमुना पुन्हा तपासला तर 27 डिसेंबर 2019 चा पेशंट पॉझिटिव्ह निघाला, तो पण चीनला न गेलेला. इटलीत मिलान आणि तुरिनच्या गटाराच्या पाण्यात 18 डिसेंबरला सापडला. म्हणजे तुमच्या ह्या सगळ्या तारखा, 13 जानेवारी अन् 30 जानेवारी, ह्या फक्त सापडल्याच्या तारखा झाल्या की. आपल्याकडं पण डिसेंबरातच आला नसेल कशावरनं? जानेवारीत आमच्या तालमीत निम्मी पोरं खोकत होती.

मायक्रोवाली_राजारामपुरी:
सापडल्याच्या तारखा आहेत हे मान्यच, तेच तर सांगतोय. पण डिसेंबरात एखादा नमुना सापडणं आणि तिथं साथ सुरू असणं ह्यात लई फरक आहे. साठवलेल्या नमुन्यात चुकून पॉझिटिव्ह यायची पण शक्यता असते, ती सोडली तरी एखादी ठिणगी विझली असंच म्हणावं लागतं. डिसेंबरपासनं सलग पेटत असता तर जानेवारीअखेर आयसीयू भरले असते, टेस्ट करा नाहीतर नका करू. तालमीतल्या पोरांचं म्हणाल तर थंडीत फ्लू असतोय दरवर्षी.

आणि एक, ब्रिटनमधे हजारो जीनोम तपासून बघितलं तेव्हा पहिल्या लाटेत व्हायरस हजाराहून जास्त वेळा वेगवेगळा शिरलेला निघाला, बहुतेक वेळा स्पेन, फ्रान्स, इटलीतनं. चीनमधनं थेट आलेला अगदीच नगण्य. पहिला कुणी आणला हे तिथं विचारण्यातच अर्थ उरत नाही.

जुन्या_पेपरचा_किडा:
थोडं विषयांतर. प्लेग 1894 ला हाँगकाँगात होता आणि मुंबईत मांडवी बंदराजवळ 1896 ला निघाला, म्हणजे दोन वर्षं लागली (हा व्हायरस नव्हे, जंतू, माहीत आहे, ताई रागावू नका). जहाजाच्या वेगानं उंदरं आली आणि पुढं रेल्वेनं देशभर. आपल्याकडं शाहू महाराजांनी लोकांना गावाबाहेर छपरं बांधून राहायला लावलं ते त्याच प्लेगात. 1918 चा फ्लू जूनमधे मुंबईत बंदरावरच्या पोलीस शिपायांत आधी दिसला आणि सप्टेंबरपासनं जी दुसरी लाट आली तिच्यात देशभरात कोटीच्या वर माणसं गेली. 2009 चा स्वाइन फ्लू एप्रिलमधे मेक्सिकोत कळला, मे महिन्याच्या मध्यावर हैदराबादला पहिली केस. आणि तेव्हा पण पहिली केस हैदराबादला पण पहिला मृत्यू पुण्यात, 3 ऑगस्टला. पुण्याचं काय आहे कळत नाही.

तांबडा_रस्सा_फॅन:
पुण्यात टेस्ट करणारी एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) आहे, म्हणून तिथं लवकर कळतं! सुरुवातीला आपले नमुने पण तिकडंच जायचे.

शारजा_रिटर्न:
मी त्या मार्चमधे शारजाहून आलो, मुंबईत उतरलो. कपाळाला ताप मोजायची गन लावली, हातावर होम क्वारंटाइनचा शिक्का मारला आणि जावा म्हणाले. बाहेर कोल्हापूरला येणारी शेअर गाडी केली, सहा अनोळखी लोक, काचा बंद, एसी चालू, किणी टोल नाक्यापर्यंत कुणी काय विचारलं नाही. मला काय झालेलं नव्हतं हे नशीब. पण गावात आल्यावर शिक्का बघून लोक असे लांब पळायचे, किराणावाला सामान दारात ठेवून जायचा, आणि शारजाहूनच दोन दिवस आधी आलेला एकजण शिक्के सुरू व्हायच्या आधी आला म्हणून लग्नात जेवून आला.

फुलेवाडीचा_बाळू:
@शारजा_रिटर्न भाऊ हेच विचारणार होतो. मग ती कपाळाची गन म्हणजे नुसता दिखावा म्हणायचा का? आणि ताई, ज्यांनी तुम्ही म्हणताय तसं चीन सोडून बाकीकडं बघितलं असा कुठला देश होता का तरी?

मायक्रोवाली_राजारामपुरी:
अगदी दिखावा नाही, थायलंडमधली ती पहिली पेशंट बाई बँकॉक विमानतळावर ताप तपासतानाच सापडलेली. पण लागण झाल्यावर लक्षणं यायला सरासरी पाचएक दिवस जातात, मधल्या काळात माणूस विमानातनं आरामात उतरतो, शिवाय काहीजण पॅरासिटामॉल घेऊन. तपासणी चांगली केली तरी निम्म्याहून जास्त बाधित निसटतात असा हिशोब त्याच फेब्रुवारीत शास्त्रज्ञांनी मांडला होता.

दुसऱ्या प्रश्नाला, आइसलँड. फेब्रुवारीअखेर म्युनिकहून तिथं आलेल्या विमानातले लोक पॉझिटिव्ह निघाले, चौकशी केली तर बरेचजण ऑस्ट्रियात इश्गल नावाच्या गावी बर्फात स्कीइंग करून आलेले. इटली नाही, चीन नाही. 5 मार्चला आइसलँडनं इश्गल धोक्याच्या यादीत टाकलं आणि ऑस्ट्रियाला कळवलं. तिथल्या अधिकाऱ्यांचं उत्तर काय, तर आमच्याकडं लागण झाली असणं अवघड आहे, विमानातच झाली असेल. सीझन होता ना, हॉटेलं फुल्ल, बारमधे पाय ठेवायला जागा नाही. इश्गल बंद केलं 13 मार्चला, आणि ते पण असं की पाहुण्यांना एकदमच निघा म्हणून सांगितलं. सगळे बसनं, गाड्यांनी जर्मनी, डेन्मार्क, नॉर्वेला आपापल्या घरी गेले.