सर्वांत वाईट चित्रपट ठरवण्याचा निकष कोणता असावा? मदत हवी आहे

नमस्कार.

आम्ही पाच-सहा मित्रमैत्रिणी दर महिन्याला एकत्र बसून चित्रपटांवर चर्चा करतो. या वेळी 'आपण पाहिलेला सर्वांत वाईट चित्रपट' हा विषय घेतला, आणि दोन बैठका होऊनही वाद जागचा हललेला नाही. नावे वेगवेगळी येणार हे गृहीतच होते. अडचण अशी, की 'वाईट' हा शब्दच प्रत्येक जण निराळ्या अर्थाने वापरतो आहे. पुढच्या बैठकीचे सूत्रसंचालन माझ्याकडे असल्याने वाद कोणत्या निकषावर चालवावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

पहिले नाव अपेक्षेप्रमाणे दिग्दर्शक एड वूड यांच्या 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'चे आले. 1980 साली मेडव्हेड बंधूंच्या पुस्तकात तो सर्वांत वाईट ठरला आणि ते बिरुद त्याला कायमचे चिकटले. दोष तर उघडच आहेत: थडग्यांचे दगड धक्का लागला की डुलतात, एकाच प्रसंगात दिवस आणि रात्र आलटूनपालटून येतात. त्यातले नट बेला लुगोसी 1956 मध्ये वारले तेव्हा त्यांचे अगदी थोडे चित्रीकरण हाताशी होते. उरलेल्या दृश्यांत दिग्दर्शकाच्या पत्नीवर उपचार करणारा कायरोप्रॅक्टर (पाठीचे मणके हाताने दाबून उपचार करणारा) झग्याने तोंड झाकून वावरतो, आणि तो लुगोसींपेक्षा उंच असल्याचे सहज लक्षात येते. हे सगळे मान्य करूनही मी हा चित्रपट तीनदा पाहिला आहे, तोही प्रत्येक वेळी शेवटपर्यंत. जो पुन्हा पाहावासा वाटतो, त्याला सर्वांत वाईट कसे म्हणावे?

माझ्या मनात आहे तो चित्रपट याच्या अगदी उलट आहे. (नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा त्यावरच अडकेल.) छायाचित्रण देखणे, नट कसलेले, संवाद स्वच्छ ऐकू येणारे. मात्र मध्यंतरानंतर नायिकेचा भाऊ अपघातात जातो आणि पुढच्या तासाभरात कुणीही, अगदी ती स्वतःसुद्धा, त्याचे नावदेखील काढत नाही. तिथे मला फसवल्यासारखे वाटले आणि तो राग अजून गेलेला नाही. पण हा माझा वैयक्तिक राग आहे की चित्रपटाचा दोष, हे मला मित्रांना पटवून देता येत नाही.

प्रतिसाद :

आपण सांगितलेला दोष खरा आहे, कारण तो नेमक्या जागी बोट ठेवून दाखवता येतो. माझ्या मते न जमणे आणि पर्वा नसणे या दोन गोष्टी आधी वेगळ्या कराव्यात. 1966 च्या 'मॅनोस : द हँड्स ऑफ फेट'चा कॅमेरा एका वेळी जेमतेम 32 सेकंद चाले आणि सगळ्या पात्रांचे आवाज नंतर मोजक्याच माणसांनी दिले. चित्रपट अतिशय कंटाळवाणा आहे, पण करणाऱ्यांची धडपड पडद्यावर दिसते. भावाचा मृत्यू विसरणाऱ्या पटकथेला अशी कोणतीच सबब नाही.

आणखी एक सुचवतो. ताज्या रागावर निकाल देऊ नये. वर्षातल्या सर्वांत वाईट चित्रपटांना थट्टेने दिल्या जाणाऱ्या रॅझी पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, आज नावाजल्या जाणाऱ्या 'द शायनिंग' या भयपटासाठी स्टॅन्ली कुब्रिक यांना वाईट दिग्दर्शकाचे आणि शेली ड्युव्हाल यांना वाईट अभिनेत्रीचे नामांकन मिळाले होते. ड्युव्हाल यांचे नामांकन अखेर 2022 मध्ये मागे घेण्यात आले. म्हणून प्रत्येकाने आपला चित्रपट पुन्हा एकदा पाहून, जिथे तो ढासळतो ते एकच दृश्य बैठकीत दाखवावे.

मूळ प्रश्नकर्ता :

मनःपूर्वक आभार. दृश्य दाखवण्याची अट मी पुढच्या बैठकीत नक्की घालेन. फक्त एक शंका उरते: अर्ध्यावर सोडलेला चित्रपट या वादात धरावा का? आमच्यापैकी दोघांनी तशीच नावे दिली आहेत.

प्रतिसाद :

धरू नये. त्या दोघांना आधी उरलेला अर्धा भाग पाहायला सांगावे.