प्रतिसाद: झेंडूचा रंग पहिल्याच धुण्यात का जातो

दसऱ्याच्या झेंडूने रंगवलेली सुती ओढणी पहिल्याच धुण्यात फिकी पडली, अशी एकाची तक्रार आहे. दोष फुलांचा नाही. रंग कापडावर धरून ठेवते ती तुरटी, पण सूत तुरटीला नीट धरत नाही, त्याला आधी हिरडा लागतो. रेशीम-लोकरीला नुसती तुरटी चालते, म्हणून गोंधळ होतो.

१०० ग्रॅम कापडाचा हिशेब देतो. आधी धुण्याच्या सोड्यात तासभर उकळून खळ काढा. पाणी चहासारखं पिवळट होतं. सुक्या कापडावर पाण्याचा थेंब टाका, तो लगेच शोषला गेला पाहिजे. मोत्यासारखा उभा राहिला तर पुन्हा उकळा. मग २० ग्रॅम हिरडापूड कोमट पाण्यात कालवून कापड रात्रभर भिजवा, पिळा, न धुता आडवं पसरून वाळवा. दोरीवर टांगलं तर हिरडा खाली उतरतो आणि रंग पट्ट्यापट्ट्यांनी चढतो. नंतर १५ ग्रॅम तुरटीच्या गरम पाण्यात दोन तास, आणि हलकं विसळणं.

ताज्या पाकळ्या कापडाच्या दुप्पट घ्या. देठाकडचा हिरवा भाग काढा, त्याने रंग मळकट होतो. पाकळ्यांच्या पाण्यात कापड पाऊण तास मंद आचेवर, खळखळ उकळी नको. भांडं स्टीलचंच, लोखंडी कढईत हिरडा काळा पडतो. मेंदी-हिरवी छटा हवी असेल तर शेवटी फक्त १ ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार), जास्त झाला की सूत कुजतं. त्याचं भांडं स्वयंपाकात परत वापरू नका.

धुवायला रिठा, वाळवायला सावली. सोड्याच्या साबणाने पिवळा नारिंगीकडे झुकतो.