समुद्रात तेल ‘विरघळतं’ की ‘मिसळतं’?

खाडीकाठ : तेलगळतीवरची पुस्तिका मच्छीमार सोसायटीसाठी मराठीत करतोय. मी लिहिलं, ‘कच्च्या तेलातलं बेंझीन समुद्राच्या पाण्यात विरघळतं, पण गोड्या पाण्यापेक्षा कमी.’ तपासणाऱ्या बाईंनी ‘विरघळतं’ खोडून ‘मिसळतं’ केलं. तेल पाण्यात विरघळतच नाही म्हणाल्या. काय ठेवू?

पाटीपेन्सिल : ‘विरघळतं’च ठेवा. २५ अंश सेल्सिअसला लिटरभर गोड्या पाण्यात बेंझीन पावणेदोन ग्रॅमच्या आसपास विरघळतं, तेलातलेच दुसरे घटक म्हणजे टोल्युइन अर्धा ग्रॅम, नॅप्थॅलीन जेमतेम ३० मिलिग्रॅम. नुसतं मिसळलेलं तेल लाटा शांत झाल्या की वर येऊन तवंग धरतं. विरघळलेलं डोळ्यांना दिसत नाही, पण माशाच्या कल्ल्यांतून आत शिरतं. कोळ्यांना हाच फरक कळायला हवा.

जुनापाटा : ‘विद्राव्यता’ हा शब्द असताना पळवाट कशाला?

खाडीकाठ : दादा, वाचणारे होडीवरचे आहेत. बरं, खाऱ्या पाण्यात कमी का, तेही एका शब्दात सांगायचंय.

पाटीपेन्सिल : समुद्राच्या किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. पाण्याचे रेणू त्या क्षारांच्या आयनांभोवती, म्हणजे विद्युतभारित कणांभोवती गुंततात, बेंझीनला जागा करून देणं त्यांना अवघड जातं. विद्राव्यता साधारण पाव हिश्शाने घटते. माझे मामा साबण करायचे. मीठ टाकलं की ‘साबण सुटला’ म्हणायचे. क्रिया तीच, म्हणून ‘मिठाने सुटणं’ म्हणा.

मीठभाकर : नको. मीठ लावलं की काकडीला पाणी सुटतं. वाचणारा भलतंच समजेल.

जुनापाटा : आणि बेंझीनच्या गटाला ‘ॲरोमॅटिक’ म्हणतात, ते तसंच ठेवणार? ‘सुगंधी’ म्हणा. बेंझीनचं नाव मुळात लोबानावरून आलं. अरबीत ‘लुबान जावी’, जावाचा लोबान. युरोपात पोचेपर्यंत त्याचं ‘बेंझॉइन’ झालं. आपल्या देवघरातला ऊद तो.

पाटीपेन्सिल : व्युत्पत्ती खरी, पण बेंझीनने कर्करोग होतो. त्याला ‘सुगंधी’ म्हणून कोळणीच्या हातात पुस्तिका देणार? रसायनशास्त्रात तो शब्द आता वासाचा नाही, अणूंच्या कड्याच्या रचनेचा आहे.

जुनापाटा : मग ‘वलयी’ म्हणा. परका शब्द तेवढा नको.

मीठभाकर : सगळीच वलयं ॲरोमॅटिक नसतात. सायक्लोहेक्झेनही वलयच. त्यापेक्षा नॅप्थॅलीनला सरळ ‘डांबरगोळी’ म्हणा, वास लगेच आठवेल.

खाडीकाठ : तिथेच अडलोय. पुढच्या पानावर टारबॉल आहेत, सांडलेलं तेल घट्ट होऊन झालेले गोळे, गोव्याच्या किनाऱ्याला पावसाळ्याच्या सुमारास लागतात ते. बाईंनी त्यांनाही ‘डांबरगोळ्या’च केलंय.

मीठभाकर : ते ‘डांबराचे गोळे’. गोळी कपाटातली, गोळा किनाऱ्यावरचा.

जुनापाटा : लिंग बदललं की पदार्थ बदलतो, हे कुठलं व्याकरण? मालवणकडचं कोणी आहे का इथे? तिकडे काय म्हणतात?