बाबांचा जुना स्टिरिओ न काढता ५.१ करता येईल का?

खारा_वारा (वेंगुर्ला)

मंडळी नमस्कार, पोस्ट जरा मोठी आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला उत्तर देता यायचं नाही म्हणून लिहितोय. बाबा कुवेतला होते, १९८८ साली सुट्टीवर येताना त्यांनी एक जपानी स्टिरिओ ॲम्प, कॅसेट डेक आणि दोन मोठे स्पीकर आणले, तेव्हापासून तो सेट आमच्या माजघरातच आहे. ॲम्पच्या मागे ४० वॅट आणि ८ ओहम असं लिहिलंय. आई अजून रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की त्याच्यावर नाट्यगीतं नाहीतर भजनं लावते, कॅसेटी बुरशी येऊन गेल्या पण मुलाने फोनची वायर मागे ऑक्सला जोडून दिलीय.

यंदा गणपतीला भाऊ मुंबईहून ५५ इंची टीव्ही घेऊन आला. चित्र एक नंबर, पण पिक्चर लावला की माणसं काय बोलतात तेच कळत नाही, आवाज वाढवावा तर मारामारीच्या सीनला अख्ख्या वाडीला ऐकू जातं. एका दुकानात विचारलं तर म्हणाले तुमच्या ॲम्पला ए आणि बी असे दोन सेट लावायची सोय आहे, अजून दोन स्पीकर घेऊन मागे लावा, झालं सराउंड. घेतले, लावले, चारही कोपऱ्यातनं तोच आवाज आणि अर्ध्या तासात ॲम्पचं झाकण इतकं तापलं की हात ठेववेना, लगेच काढून टाकले.

त्यात मागच्या आठवड्यात जाळी काढून स्पीकर पुसायला घेतला तर वूफरच्या (बेसच्या मोठ्या स्पीकरच्या) कडेला जो काळा फोम असतो ना त्याला बोट लागलं आणि त्याचा चिकट भुगा हाताला आला, काकवी सांडल्यासारखा, साबणाने पण पटकन जाईना. डावीकडचा अर्धा गोल सुटलाय. व्हॉल्यूम फिरवला की खरखर होते, आणि पावसात एक चॅनेल मध्येच जातो, टपली मारली की येतो.

भाऊ म्हणतो सगळं काढ आणि साउंडबार लाव. आईसमोर मला तो विषय काढवत नाही, बाबांच्या हातची तेवढीच एक वस्तू चालू अवस्थेत आहे. घर चिऱ्याचं, वर कौलं, माजघर १२ बाय १८ फूट, बजेट ५० हजारपर्यंत. काय करू?

मांडवी_किनारा (रत्नागिरी)

काढू नका, आणि दुकानात सांगितलेलं विसरून जा. ए आणि बी दोन्ही चालू केलं की बहुतेक ॲम्पमध्ये ८ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल होतात म्हणजे ॲम्पला ४ ओहम दिसतात, विरोध (ओहम) निम्मा, करंट दुप्पट, म्हणून तो तापला. आणि सराउंड म्हणजे चार ठिकाणी तोच आवाज नाही हो, ५.१ मध्ये पाच वेगवेगळे चॅनेल असतात, त्यातला मधला सेंटर हा संवादांसाठी. तुमचं दुखणं नेमकं तेच आहे, टीव्ही ते संवाद बाकीच्या आवाजात मिसळून दोन चिमुकल्या स्पीकरमधनं काढतो.

तर एक साधा ५.१ एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचे सगळे चॅनेल वेगळे करून आपापल्या स्पीकरला देणारा ॲम्प, घ्या (तुमच्या बजेटात नवा बसतो), बाबांचे दोन स्पीकर पुढचे डावे-उजवे म्हणून त्यालाच जोडा, दुकानातनं आणलेली जोडी मागे जाईल, ते पैसे फुकट गेले नाहीत. उरलेल्यात आधी चांगला सेंटर घ्या. सबवूफर (फक्त बेसचा वेगळा स्पीकर, ५.१ मधला .१) पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल, तुमच्या जुन्या मोठ्या वूफरना बेस आहेच, पण सेंटरमध्ये काटकसर करू नका.

पण त्याआधी फोम. तो फोम दमट हवेत आपोआप विरघळतो, आपल्याकडे खाऱ्या वाऱ्यावर त्याचं काही चालत नाही. कोन (स्पीकरचा पुढे-मागे हलणारा पडदा) आणि त्यामागची तारेची कॉइल शाबूत असेल तर नुसती कड बदलता येते, यावेळी रबराची घाला, फोमची नको. कोनाचं माप इंचात घेऊन जा, बाहेरचा आणि आतला दोन्ही व्यास. बदलल्यावर १.५ व्होल्टचा साधा सेल स्पीकरच्या तारांना टेकवून बघा, सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन पुढे यायला पाहिजे, दोन्ही स्पीकरचा. एक उलटा लागला तर बेस गायब होतो आणि माणूस महिनाभर सेटिंगच शोधत बसतो.

खरखर आणि जाणारा चॅनेल म्हणजे व्हॉल्यूमचा पॉट (बटणामागचा फिरणारा भाग) आणि आतला रिले (स्पीकर जोडणारा आपोआप चालणारा खटका) गंजलाय, कॉन्टॅक्ट क्लिनर मारणारा जुना रेडिओवाला शोधा, स्वतः उघडू नका, आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून असतात.

तिठ्यावरचो (कुडाळ)

टाकू नको रे भावा. तसलो ट्रान्सफॉर्मर आता खंय गावतलो. आणि आईचा मन मोडू नको, साउंडबार काय उद्या पण गावतलो.

जुना_वाल्व्ह (अलिबाग)

मांडवी यांच्याशी सहमत, फक्त एक गंमत सांगतो, रिसीव्हर येईपर्यंत करून बघण्यासारखी. डेव्हिड हाफलर म्हणून अमेरिकेत ॲम्प बनवणारे होते, त्यांनी सत्तरीच्या दशकात साध्या स्टिरिओतनं मागचा आवाज काढायची जोडणी प्रसिद्ध केली. मागचे दोन स्पीकर एकामागे एक सिरीजमध्ये जोडायचे आणि त्या जोडीची दोन टोकं ॲम्पच्या डाव्या प्लस आणि उजव्या प्लसला लावायची, मायनसला काहीच नाही. मग मागे फक्त डाव्या-उजव्यातला फरक वाजतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा असतो म्हणून तो मागून जवळजवळ नाहीसा होतो आणि हॉलमधला घुमारा, टाळ्या, खोकणारा माणूस हे मागे येतं. मी पहिल्यांदा एका मैफिलीच्या रेकॉर्डिंगवर ऐकलं तेव्हा मान वळवून मागे बघितलं होतं.

पण ॲम्पचे दोन्ही मायनस आतून एकच पाहिजेत, हे मेकॅनिककडून तपासून घ्या, ब्रिज प्रकारच्या (मायनसवरही सिग्नल असणाऱ्या) ॲम्पवर हे अजिबात करू नका. सुरुवात एकदम कमी आवाजात.

खारा_वारा

मनापासून आभार सगळ्यांचे. तिठ्यावरचो, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. मेकॅनिक मिळालाय, बांद्याच्या पुढे एक काका आहेत. दोन शंका: वायर मागे कशी नेऊ, चिऱ्यात खाचा मारायच्या नाहीत मला. आणि कौलारू घरात सराउंड नीट वाजतो का?

भिजलेली_छत्री (चिपळूण)

आमचं पण कौलारूच आहे आणि स्लॅबच्या घरापेक्षा बरं वाजतं असं माझं स्पष्ट मत आहे. उतरतं छप्पर जमिनीला समांतर नसतं म्हणून आवाज वर-खाली आदळत राहत नाही, आणि कौलांच्या फटीतनं बराचसा बेस निघून जातो त्यामुळे घूं घूं होत नाही. त्रास एकच, सब लावला की सैल कौल आणि माळ्यावरच्या फळ्या थरथरतात, तेवढ्या बसवून घ्यायच्या. फरशी उघडी असेल तर टीव्ही आणि बैठक यांच्यामध्ये एक जाडशी सतरंजी टाका, फरक लगेच कळेल.

वायर भिंतीतनं कशाला, पाइपातनं वाशांच्या कडेने न्या. पाइप पाहिजेच, नाहीतर उंदीर. साधी १.५ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर घ्या, १५ मीटरपर्यंत ८ ओहमच्या स्पीकरला भरपूर झाली. टोकं मात्र दरवर्षी दसऱ्याच्या आसपास इंचभर कापून नवीन करा, आपल्याकडे तांबं हिरवं पडतं.

मागचे स्पीकर अगदी पाठीमागे नकोत, बसायच्या जागेच्या बाजूला थोडेसे मागे, समोरचा मध्य शून्य धरला तर साधारण ११० अंशावर, आणि कानाच्या दीड-दोन फूट वर. सोफा भिंतीला चिकटलेला असेल तर दोन फूट पुढे ओढा. टीव्हीला रिसीव्हर एचडीएमआय एआरसीने (टीव्हीचा आवाज रिसीव्हरला परत देणाऱ्या एचडीएमआय सॉकेटने) जोडा आणि टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'पीसीएम' असेल तर ते बदलून 'पासथ्रू' (आवाज आहे तसा पुढे पाठवणं) किंवा 'ऑटो' करा, हे फार महत्त्वाचं, पीसीएमवर राहिलं तर बहुतेक टीव्ही रिसीव्हरला दोनच चॅनेल देतात आणि लोक उगाच रिसीव्हरला नावं ठेवतात.

पावसाळ्यात रोज अर्धा तास तरी सेट चालू ठेवा, आतल्या गरमीने ओल सुटते. आणि हस्ताचा गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा, डिशची केबल पण काढा, आमचा एक डीव्हीडी प्लेअर त्या केबलमधनंच गेला. ॲम्पच्या मागच्या जाळीवर बारीक नेट लावा, पाली आत जाऊन शॉर्ट होतात.

खारा_वारा

दीड महिन्याने लिहितोय. रबरी कडा बसल्या, काकांनी पॉट साफ केला, रिले बदलला. रिसीव्हर आणि सेंटर आला, मागची जोडी वाशांवरनं गेली. टीव्हीचं सेटिंग पीसीएमवरच होतं, छत्री ताई/दादा तुम्ही सांगितलं नसतं तर मी पण दुकानात भांडायला गेलो असतो. आता कुजबूजसुद्धा कळते, व्हॉल्यूम आधीच्या निम्म्यावर.

बाबांचा ॲम्प मात्र रिसीव्हर आला म्हणून काढला नाही. काकांनी एक स्पीकर सिलेक्टर पेटी बसवून दिली, खटका एकीकडे केला की तेच दोन स्पीकर जुन्या ॲम्पवर, दुसरीकडे केला की रिसीव्हरवर. दोन्ही ॲम्प एकाच वेळी स्पीकरला लागू द्यायचे नाहीत हे त्यांनी तीनदा बजावलं, खटक्यावर मी मार्करने 'आई' आणि 'टीव्ही' लिहून ठेवलंय.

परवा आईने दिवा लावला, खटका फिरवला, तंबोरा सुरू झाला आणि ती झोपाळ्यावर बसायची थांबली, म्हणाली ह्यात खाली आवाज आहे हे इतकी वर्षं कसं ऐकू येत नव्हतं. फोम कधीपासून गेला होता कोण जाणे.

हाफलरवाली जोडणी पण काकांकडून मायनस तपासून केली होती, टाळ्या खरंच मागून आल्या.

सब आता गणपतीच्या आधी घेईन, त्याआधी सुताराला बोलावून माळ्याच्या फळ्या बघून घेतो.