लांडगा समोर दिसत असूनही काळविटांचा कळप पळत का नाही?

माळवाट: नान्नज, रेहेकुरीसारख्या माळांवर लांडगा उघड्यावरून चाललेला असतो आणि हरणं नुसती मान वर करून बघत राहतात. काही तर पुन्हा चरायला लागतात. ही बेफिकिरी की काही हिशेब? विद्यार्थ्यांकडून ही सावधगिरी मोजून घ्यायची असेल तर कशी घ्यावी?

कुरणकर: हिशेबच आहे. सपाट, मोकळ्या जागी धडधाकट हरीण लांडग्याच्या हाती सहसा लागत नाही. लांडग्याचं जमतं ते अचानक गाठल्यावर, किंवा एकाने हुसकावून दुसरा ओघळीत दबा धरून बसल्यावर. त्यामुळे दिसणारा लांडगा नजरेत ठेवणं हे आंधळेपणाने पळण्यापेक्षा सुरक्षित. पळताना चरणं बुडतं आणि समोर ओघळ येऊ शकते ती वेगळीच.

त्याची चाल बघा. सरळ रेषेत दुडक्या चालीने जातोय तोवर कळप फक्त तोंड त्याच्याकडे ठेवतो. तो थबकला, दबला किंवा वळला की हरणं एकमेकांजवळ सरकतात, एखादी मादी उंच उडी घेते, मागोमाग बाकीच्या उड्या घेतात आणि मग सगळी चौखूर सुटतात. उडीतून ‘तू दिसलास, माझ्यात दम आहे’ हे शिकाऱ्याला कळत असावं. आफ्रिकेतल्या थॉमसन गझेल या हरणांवरच्या १९८८च्या अभ्यासात रानकुत्र्यांनी कमी दराने उड्या घेणारी जनावरं निवडल्याचं दिसलं होतं.

रानपाडस: एक भर. हे सगळं कळपातल्या मोठ्या जनावरांचं. पाडसाचं तंत्र उलटं: पहिले काही दिवस ते गवतात निपचित पडून राहतं, आई लांब चरते आणि पाजायला तेवढी येते. म्हणून एकटं पाडस दिसलं की ‘अनाथ’ समजून उचलू नका, भोवती घुटमळूही नका. तुमच्यामुळे आई जवळ येत नाही. हद्द धरून एकटा उभा राहणारा नरही जास्त धोक्यात असतो, कारण त्याच्यासाठी पहारा द्यायला दुसरे डोळे नसतात.

कुरणकर: आता मोजणी. गाडी थांबवल्यावर १५ मिनिटं काहीच नोंदवू नका. तोवर ती तुमच्याकडेच बघत असतात. मग एका मादीवर ५ मिनिटं लक्ष ठेवा. डोकं खांद्याच्या वर गेलं की घड्याळ चालू, खाली आलं की बंद. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. सोबत कळपाची संख्या, ती मादी कडेला की मध्ये, गवताची उंची आणि जवळच्या झुडपापर्यंतचं अंतर टिपा.

नर घेऊ नका. ते प्रतिस्पर्ध्यावर नजर ठेवायलाही मान वर करतात. आणि मादी चिठ्ठी टाकून निवडा, म्हणजे डावीकडून चौथी वगैरे. नाहीतर नजर आपोआप मान वर केलेलीवरच जाते आणि आकडे फुगतात.

माळवाट: मोठ्या कळपात प्रत्येकीचं बघणं कमी भरलं, तर ते जास्त डोळ्यांमुळेच असं म्हणता येईल?

कुरणकर: लगेच नाही. मोठे कळप बहुधा मोकळ्या माळावरच जमतात आणि तिथे लांबचं तसंही दिसतं. लहान-मोठे कळप सारख्याच उंचीच्या गवतात, झुडपांपासून सारख्याच अंतरावर असतील तेव्हाच तुलना करा. कडेच्या आणि मधल्या माद्यांचे आकडेही वेगळे मांडा. कडेच्या सहसा जास्त बघतात.