वडिलांच्या एमडीएसच्या अहवालातील ४९ टक्के: काकांना दाता करावे का? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही सोलापूरचे. वडील ६४ वर्षांचे असून त्यांची हयात यंत्रमागावर गेली. जिना चढताना त्यांना धाप लागे, ते आम्ही वयावर ढकलत राहिलो आणि शेवटी बोन मॅरो तपासणीत एमडीएस (मज्जेत रक्तपेशी नीट तयार न होण्याचा एक रक्ताचा कर्करोग) निघाले. ब्लास्ट पेशी, म्हणजे अपरिपक्व रक्तपेशी, १२ टक्के आहेत.

जनुकांच्या अहवालात दोन जनुकांत बदल आहेत: टेट-२ मध्ये २१ टक्के आणि डीडीएक्स-४१ मध्ये ४९ टक्के (नमुन्यातील त्या जनुकाच्या एकूण प्रतींपैकी इतक्या प्रतींत बदल). टेट-२ चे डॉक्टरांनी नीट समजावले. डीएनएवरील मिथाइलच्या खुणा काढण्याचे काम या जनुकाच्या प्रथिनाचे. ते बिघडले की अक्षरे तीच राहतात, पण वाचली जायला हवीत ती जनुके बंद पडतात. त्यांना चालू असलेले औषध अ‍ॅझासिटिडीन मिथाइल लावणाऱ्या विकरालाच अडकवते. दर २८ दिवसांनी सात दिवस पोटावर इंजेक्शन असते, तिथे रुपयाएवढे लाल चट्टे उठले आहेत. गुण दिसायला चार ते सहा फेऱ्या लागतात, हे आम्ही मान्य केले आहे.

घोडे अडले आहे ते ४९ वर. आई किंवा वडिलांकडून आलेला बदल प्रत्येक पेशीत जनुकाच्या दोनपैकी एका प्रतीत असतो, म्हणून आकडा पन्नासच्या आसपास येतो. मात्र रोगट पेशींनी जवळजवळ सगळी मज्जा व्यापली तरी तो तिथे पोचू शकतो. मज्जा प्रत्यारोपणासाठी काकांचे एचएलए (दाता जुळतो का हे ठरवणाऱ्या पेशींवरील खुणा) पूर्ण जुळले आहे. बदल आनुवंशिक असेल आणि काकांमध्येही असेल, तर त्याच दोषाच्या पेशी आपण वडिलांना देऊ. काका म्हणतात, "सख्ख्या भावाचं रक्त हाय, अजून काय तपासायलाव?"

बदल आनुवंशिक आहे का हे रक्ताबाहेरच्या पेशींत पाहावे लागते, पण लाळेतही रक्तपेशी मिसळलेल्या असतात, त्यामुळे वडिलांच्या त्वचेच्या पेशी वाढवून तपासाव्या लागतात, असे कळले. ही सोय पुण्यात आहे की मुंबईलाच जावे लागेल, आणि किती आठवडे लागतात? काका निरोगी असल्याने आधी त्यांच्या रक्तात फक्त हाच बदल शोधणे अधिक सोपे नाही का? बदल आनुवंशिक ठरला, तर मी आणि बहीण, प्रत्येकी निम्मी शक्यता. तिच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, त्यामुळे मराठीतून शांतपणे बोलणारे जनुकीय समुपदेशक कोणास ठाऊक असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे. काढे आणि रस सुचवू नयेत, ते नातेवाइकांकडून भरपूर आले आहेत.

काकांना पुढच्या शुक्रवारी तपासणीसाठी बोलावले आहे. त्याआधी उत्तर मिळाले, तर त्याच वेळी या चाचणीचा नमुनाही देता येईल.